छपरावरचा गंज

नाना,

तो गंज मी पुसला नाही, आणि आज तुम्ही समोर येऊन उभे राहिलात तरी पुसणार नाही. एवढं आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना माफीची वाट बघायला नको. तुम्ही गेलात तेव्हा जे तुमचं वय होतं ते मी केव्हाच मागं टाकलंय. म्हणजे हिशेबानं आता मी तुमच्यापेक्षा मोठी आहे, तेव्हा आवाज थोडा चढला तर बेअदबी समजू नका. तुमच्या हयातीत मी तुमच्याशी एकदाच भांडले. बाकीचं सगळं भांडण अंगावरच राहिलंय.

इथं पुण्यात माझ्या कामाच्या खोलीत सध्या एका जुन्या जिनिंग कारखान्याची प्रतिकृती चालू आहे. एका संग्रहालयाला हवी आहे. कारखान्याचं छप्पर पत्र्याचं, लांबलचक, आणि त्यावर पन्नासेक पावसाळ्यांचा गंज दिसायला हवा असं त्यांचं म्हणणं. काल बघायला आलेल्या माणसानं छपराला हात लावून बोट बघितलं. बोटाला गंज लागेल असं त्याला वाटलं असणार. मग मला विचारलं, "बाई, हे शिकलात कुठं?" मी म्हटलं, "गावाकडं." तो हसला. गंज शिकायला कुणी गावाकडं जातं का, असं काहीतरी त्याच्या मनात आलं असेल. खरं उत्तर लांबचं आहे, आणि ते त्याला नाही, तुम्हाला द्यायचं आहे.

सुरुवात तर तुम्हीच करून दिलीत. कचेरीतले साहेब सिगारेट ओढायचे आणि रिकामं पाकीट टोपलीत टाकायचे. शिपाई टोपली न्यायच्या आत तुम्ही ती पाकिटं उचलायचात, आतला चांदीचा कागद काढून टेबलावर नखानं सपाट करायचात आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवून घरी आणायचात. त्या कचेरीत तुम्ही मान वर करून कधी चालला नाहीत, पण माझ्यासाठी टोपलीत हात घालायचात. आपल्याकडं महालक्ष्म्या बसायच्या त्या दिवसांत मी आरास करायची. तुमच्या दात तुटलेल्या फणीवर तो कागद ठेवायचा, काडीनं एकेका दाताच्या मधे दाबत जायचं, की कागदावर पन्हळी उमटायची आणि हुबेहूब पत्रा व्हायचा. खाली खळीनं जाड कागद चिकटवला की तो ताठ राहायचा. हळदीकुंकवाला आलेल्या बायका आधी महालक्ष्म्यांच्या पाया पडायच्या आणि मग माझ्या घरांपुढं बसायच्या. "बया, पत्रा लई झ्याक केलाय," असं कुणी म्हटलं की तुम्ही ओसरीवरून म्हणायचात, "कसब हाय पोरीच्या हातात." एका वर्षी तुम्ही सोलापूरला कामाला गेला होतात आणि येताना माझ्यासाठी बारीक टोकाची कात्री आणलीत. आईसाठी काही आणलं नव्हतं. ती कात्री तिनं एकदाही वापरायला मागितली नाही.

तेव्हाचे माझे सगळे पत्रे नवेकोरे असायचे, लखलखीत. जुना पत्रा करून बघावा असं मनातही आलं नव्हतं.

मग मी सातवीची फायनल परीक्षा पास झाले, शिक्षिकेचं शिक्षण घेतलं आणि तालुक्याजवळच्या एका खेड्यात मला शाळा मिळाली. फाट्यापर्यंत एसटी आणि पुढं पायी. गाव सगळं माळवदाचं. पांढऱ्या मातीची सपाट छतं, त्यावर वाळत घातलेल्या मिरच्या नाहीतर शेवया. पत्रा फक्त दोन इमारतींना, एक शाळा आणि एक बी-बियाण्याचं गोदाम. शाळेचे पत्रे कुठल्यातरी जुन्या चौकीवरून उतरवून आणलेले होते असं लोक सांगायचे. ते कितव्यांदा ठोकले होते कुणास ठाऊक. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर दगड ठेवलेले. दुपारी पत्र्यातल्या भोकांतून उन्हाचे कवडसे खाली यायचे आणि मुलं ते पाटीवर पकडायची. पहिल्या पावसात भोकांखाली डबे ठेवायचे, आणि नंतरच्या पावसात डबे कमी पडायचे. मुलांच्या केसांत तांबडा भुगा पडलेला असायचा. मी दारात उभी राहून एकेकाचं डोकं झटकून आत घ्यायची.

चैत्रात एकदा दुपारचं वादळ उठलं. कोपऱ्यातला एक पत्रा दगडासकट उचलला गेला आणि अंगणात पडला. तिसरीतली एक मुलगी पळत आत येत होती. तिच्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत चीर गेली. मी माझ्या पदरानं हात बांधला आणि बैलगाडीतून तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेली. पोर वाचली, हात वाचला, पण बोटं पुन्हा नीट वळली नाहीत. तिचा बाप कोरडवाहू जमिनीचा साधा शेतकरी. तो नंतर शाळेत आला आणि माझ्यापुढं हात जोडून म्हणाला, "बाई, पोरीला शिकवायचं व्हतं आमाला, कापून घ्यायचं न्हवतं." तिला त्यानं काढून घेतली. तिच्या मागोमाग आणखी काही मुलींची नावं गेली. मुलींना शाळेत घालावं म्हणून मी घरोघर फिरले होते, चुलीपुढं बसून त्यांच्या आयांना पटवलं होतं, आणि ते सगळं एका पत्र्यानं उडवून नेलं.

मी अर्ज केले. ते अर्ज तुमच्याच टेबलावरून वर जायचे, नाना. मी विचारलं की तुम्ही म्हणायचात, "वर पाठवलीय दरख्वास्त. वरचे बघतील." पुन्हा विचारलं की म्हणायचात, "एकट्या तुझ्या शाळेचा सवाल न्हाय. सबर कर." मी सबर केली. वर्षभर केली. मुली काही परत आल्या नाहीत.

तुमची भीती मला कळत नव्हती असं समजू नका. निजामाच्या राज्यात तुम्ही उर्दूत लिहायला शिकलात, अक्षर सुंदर, सगळी कचेरी तुमच्याकडून मसुदे करून घ्यायची. मग ते राज्य गेलं आणि एका रात्रीत तुमचं अक्षर निरुपयोगी झालं. मराठीत कारभार सुरू झाला तेव्हा मी शाळकरी पोर होते. संध्याकाळी आई भाकरी थापायची आणि मी चुलीपाशी बसून तुम्हाला शुद्धलेखन घालायची. तुम्ही ऱ्हस्व-दीर्घ चुकवायचात आणि माझ्याकडं बघायचात, मी मास्तर आणि तुम्ही विद्यार्थी असल्यासारखं. बरोबरीच्या कितीतरी जणांना घरी बसवलं, तुम्ही टिकलात. टिकलात ते प्रत्येक साहेबाला 'जी' म्हणून. त्या 'जी'वर आम्ही जेवलो, मी शिकले. हे मी विसरलेली नाही. पण तुमची भीती मला कळली म्हणजे मी ती अंगात घालायला हवी होती असं नाही.

त्या वर्षी तुळजापूरला नवरात्रात विकासाचं प्रदर्शन भरणार होतं. तुम्ही कचेरीतून आलात ते चप्पल काढायच्या आतच सांगत आलात, "साहेबांना मी शब्द दिलाय. आपल्या तालुक्याचा देखावा माझी मुलगी करील म्हणून." तुमचा चेहरा किती उजळला होता. मी विचारलं, "काय करायचं?" तुम्ही म्हणालात, "गाव करायचं. घरं, विहीर, शाळा, पंचायत."

"कुठलं गाव?"

"कुठलं का असंना. आपल्या तालुक्यातलं गाव दिसलं पाहिजे, बस."

हे शब्द तुमचे. मी त्यात एक अक्षर वाढवलेलं नाही.

मी माझ्या शाळेचं गाव करायला घेतलं. देवदाराच्या खोक्याच्या फळ्या जोडून तुम्ही मला बैठक करून दिलीत. पुठ्ठ्याच्या भिंती, त्यावर मातीचा गिलावा, माळवदांना खरी पांढरी माती. सगळं जमत गेलं, पण शाळेवर पत्रा ठेवला आणि ती शाळा वाटेना. महालक्ष्म्यांपुढची आरास वाटायला लागली. मी गेरू कालवून लावला. वाळल्यावर ते कुंडीसारखं तांबडं दिसलं. काजळ मिसळलं, तर चुलीवरच्या धुरानं काळं झाल्यासारखं दिसलं. मग मी शाळेत मधल्या सुट्टीत बाकावर चढून छप्पर बघायला लागले. इतकी वर्षं मी त्याच्याखाली बसत होते आणि ते नीट बघितलंच नव्हतं. गंज सगळीकडून येत नाही. दोन पत्रे जिथं एकमेकांवर चढतात तिथं पाणी अडकतं, तिथून तो सुरू होतो. खिळ्याच्या डोक्याभोवती धरतो आणि पन्हळीतून ओघळत खाली येतो. जुना गंज जांभळट काळा, त्याच्या कडेनं तपकिरी, आणि अगदी कालपरवाचा असेल तो नारिंगी. आणि मधेच कुठंतरी पत्र्याचा मूळचा करडा तुकडा तसाच राहिलेला असतो. सगळाच पत्रा गंजवला की तो खोटा दिसतो. करडा तुकडा ठेवला, की हा कधीतरी नवा होता हे कळतं.

रंगानं ते होणार नव्हतं, म्हणून मी खराच गंज करायचं ठरवलं. लोहाराकडून कानशीनं घासून पडलेला लोखंडाचा कीस आणला, मातीच्या परळात मीठ आणि चिंचेच्या पाण्यात भिजवला आणि रोज थोडा वारा लागू दिला. आईनं परळ बघून विचारलं, "चिंच आमटीला आणलीय का गंजाला?" मी म्हटलं, "दोन्हीला." ती म्हणाली, "मग आमटी बी गंजाचीच खा," आणि चिंचेचा गोळा उचलून वरच्या फळीवर ठेवला. पण दुसऱ्या दिवशी परळ उन्हात सरकवलेला मला दिसला. तो मी सरकवला नव्हता. कीस फुगला, तांबडा झाला, वाळवून वस्त्रगाळ केला. चांदीच्या कागदावर पातळ डिंकाचा हात द्यायचा, चिंधीच्या बोळ्यानं आधी जुना काळपट गंज टेकवायचा, तो वाळला की वर तपकिरी, आणि शेवटी ओल्या काडीनं खिळ्यापासून खाली एकेक नारिंगी ओघळ. सुईनं भोकं पाडली. एका कोपऱ्यातला पत्रा मी लावलाच नाही. तिथं आतले वासे उघडे ठेवले. वर वाळूचे खडे ठेवले, दगड म्हणून. छप्परं मी सगळी सुटी ठेवली होती, नेताना मोडू नयेत म्हणून. ती भिंतींवर नुसती बसायची.

झालं तेव्हा मी तुम्हाला हाक मारली. तुम्ही चष्मा लावून बराच वेळ बघितलंत. मी तुमच्या तोंडाकडं बघत होते. तुम्ही म्हणालात, "हे असं कशाला?" आणि चष्मा काढून ठेवलात. मग उठून बाहेरचं दार लोटून घेतलंत. तुम्हाला ते वाईट झालं असं वाटलं नव्हतं, नाना. वाईट झालं असतं तर तुम्ही इतके घाबरला नसतात.

साहेब जीप घेऊन घरी बघायला आले. अंगणात फळी मांडली होती. विहीर बघून खूश झाले, पंचायतीवरचा झेंडा बघून हसले. शाळेपाशी वाकले आणि तसेच थांबले.

"ही शाळा?"

"हो," मी म्हटलं.

"पत्रे असे का?"

"तसेच आहेत म्हणून."

"बाई, प्रदर्शन विकासाचं आहे. लोकांनी उमेद घेऊन घरी जायला हवं. नवे पत्रे घाला. चकचकीत."

"खरोखरच्या शाळेवर आधी घाला. मग यावरही घालते."

आईनं दारातून पदर तोंडाशी नेला. साहेब माझ्याकडं न बघता तुमच्याकडं वळले, आणि तुम्ही म्हणालात, "जी साहेब. होऊन जाईल." जीप गेल्यावर तुम्ही मला स्वयंपाकघरात बोलावलंत. बाहेर शेजारी होते म्हणून आवाज दाबून बोलत होतात.

"तुला काय वाटलं, साहेब म्हंजे तुझ्या वर्गातलं पोरगं हाय?"

"मी खोटं काय बोलले?"

"खऱ्या-खोट्याचा सवालच न्हाय. आपण कोण, ते कोण, हे बघावं माणसानं. राज्य पालटलं तेव्हा मी कसा टिकलो, ठाऊक हाय ना तुला?"

"ठाऊक आहे. म्हणून त्या पोरीसाठी केलेले माझे अर्ज तुमच्या टेबलावर पडून राहिले."

तुम्ही मला कधी मारलं नाहीत. त्या दिवशी तुमचा हात उठला, आईनं मधे भाकरीची परात धरली आणि तो खाली आला. तुम्ही एवढंच म्हणालात, "रंग मार." मी म्हटलं, "नाही."

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा शाळेचं छप्पर चंदेरी झालं होतं. चांदी रंगाचा डबा कचेरीतल्या रंगाऱ्याकडून आणला असणार. तुम्ही दिवसभराची रजा टाकून बसून ते काम केलं होतंत, आणि नीट केलं होतंत, एकाही पन्हळीत रंग साचू दिला नव्हता. उघडा ठेवलेला कोपराही कागद लावून बुजवला होता. जेवायला बसलो तेव्हा भात कालवणाऱ्या तुमच्या बोटांची नखं चमकत होती. आई वाढताना कुणाकडंच बघत नव्हती. मी जेवले. ताट घासलं. तुम्हाला वाटलं मी ऐकलं.

मी नवं छप्पर शाळेत केलं. शाळा सुटल्यावर, त्याच पत्र्याखाली बसून. मान वर करायची, बघायचं आणि खाली तेवढंच उतरवायचं. पहिल्यापेक्षा चांगलं झालं. पहिल्यात मला दाखवायची हौस होती, दुसऱ्यात राग होता, आणि राग हाताला फार स्थिर करतो हे मला तेव्हा कळलं. ते छप्पर डब्यात कापूस घालून मी तुळजापूरला नेलं.

मांडव बस थांबायच्या जागेजवळ होता. सोलापूरच्या गाड्या येत होत्या आणि माणसं उतरून आधी मांडवात शिरत होती, सावली होती म्हणून. तुम्ही सकाळपासून काळी टोपी आणि इस्त्रीचा कोट घालून देखाव्याजवळ उभे होतात. चहा घ्यायला गेलात तेवढ्यात मी चंदेरी छप्पर उचललं आणि माझं ठेवलं. चोरून नाही. आजूबाजूला लोक होते, उजेड होता. तुम्ही परत आलात आणि उभ्या जागी थिजलात.

"काढ ते."

"नाही."

"साहेब येतायत. मोठे साहेब बी हायेत संगं."

"येऊ द्या."

"मी काढतो."

"काढा," मी म्हटलं. "या सगळ्यांच्या देखत काढा."

तुम्ही हात पुढं केलात. तुमची बोटं छपराच्या कडेला लागली होती. तेवढ्यात एक शेतकरी आणि त्याची बायको तुमच्या आणि माझ्या मधून वाकून बघायला लागले. कपाळावर ताजा मळवट, पायावर वाटेची धूळ. तो म्हणाला, "अगं, ही आपल्या गावची शाळा."

"न्हाय वो. आपल्या शाळंवर दगड हायेत."

"हायेत की. हे काय, बघ. अन् हितं पत्राच न्हाय बघ कोपऱ्यात. आपलीच हाय."

मागून एक म्हातारा म्हणाला, "तुमची कशी? ही आमची." तो भलत्याच तालुक्यातला होता. मग आणखी कुणी वाकलं. शेजारी मांडलेल्या कपाशीच्या बियाण्यापुढं कुणी उभं राहिना, सगळी गर्दी शाळेभोवती. कुणी हसत होतं, कुणी पोराला खांद्यावर घेऊन दाखवत होतं, एक बाई नुसतीच बघत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तुमचा हात अजून छपराच्या कडेवरच होता. मग तुम्ही तो मागं घेतलात. का घेतलात ते तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. लोकांना घाबरून घेतला असेल. तेवढंही चालेल मला. साहेबाऐवजी एकदा तरी तुम्ही लोकांना घाबरलात.

मोठे साहेब आले. गर्दी बघून तिथंच थांबले. शाळा बघितली. "कुणाचं काम?" असं विचारलं. आपले साहेब तुमच्याकडं बघत होते आणि तुम्ही जमिनीकडं. मी म्हटलं, "माझं. मी याच शाळेत शिकवते. या कोपऱ्यातल्या पत्र्यानं एका मुलीचा हात अधू झाला." त्यांनी मान हलवली, म्हणाले, "अच्छा," आणि पुढच्या दालनात गेले. बस, एवढंच. मी काहीतरी मोठं घडेल असं धरून बसले होते. आपले साहेब जाताजाता तुम्हाला म्हणाले, "उद्या भेटा."

परतीच्या गाडीत तुम्ही पुढं बसलात आणि मी मागं.

बदलीचा हुकूम आला तो जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाचा, जिथं बाजारात निम्मी कानडी चालते. या वयात नवं गाव, नवी कचेरी, भाड्याची खोली. आई भांडी पोत्यात भरत होती आणि तुम्ही देव बांधत होतात. तेव्हा तुम्ही मला म्हणालात, "तुझ्या गंजानं घर खाल्लं." हे वाक्य मी इतकी वर्षं सांभाळून ठेवलंय. त्याचं उत्तर आज देते. घर गंजानं खाल्लं नाही, नाना. घर एका माणसाच्या सहीनं हललं, आणि त्या माणसाला तुम्ही जाताना हार घालून आलात.

शाळेचं पुढं काय झालं ते तुम्ही कधी विचारलं नाहीत, पण सांगते. वर्षभरानं नवे पत्रे आले. ते गोदामावर चढले, कारण बियाणं भिजून चालत नाही. गोदामाचे उतरवलेले पत्रे शाळेवर आले. आमच्या जुन्यापेक्षा ते बरे होते. डबे ठेवायचे थांबले. गेलेल्या मुलींपैकी काही परत आल्या. जिचा हात अधू झाला ती आली नाही. तिचं लग्न लवकर लावून दिलं. माझ्या छपरामुळं पत्रे आले का, मला माहीत नाही. कदाचित माझा एखादा जुना अर्ज तेव्हा वर पोचला असेल. मी श्रेय घेत नाही, पण तुम्ही म्हणत होतात तसं ते सगळं वायाही गेलं नाही.

प्रदर्शनात ते गाव बघितलेल्या सोलापूरच्या एका गृहस्थांनी पुढं निरोप पाठवला. ते इमारतींचे नकाशे करायचे आणि त्यांना प्रतिकृती करणारं माणूस हवं होतं. मी शाळा सोडून गेले, मग पुण्याला आले. लग्न केलं नाही. त्यावरही तुम्ही काही बोलला नाहीत, कारण तुम्ही माझ्याशी बोलतच नव्हतात. दिवाळीला मी यायची तेव्हा तुम्ही आईला सांगायचात, "तिला विचार, चहा घेती का." मी आईला सांगायची, "घेते म्हणावं." मधे आई, हातात पातेलं, कंटाळलेली. एकदा ती म्हणाली, "दोघं बी एकाच मातीचे," आणि चहा न करताच देवळात निघून गेली. आपण दोघं तसेच बसून राहिलो. बोललो नाही, पण उठूनही गेलो नाही.

तुम्ही गेलात ते उन्हाळ्यात. तार मिळून मी पोचले तोवर सगळं उरकलं होतं. तुमच्या नव्या कचेरीतली माणसं रोज येऊन बसायची. चांगली माणसं होती. सांगायची, नानांचं अक्षर फार सुंदर होतं, नाना कुणाला उलट बोलले नाहीत. दोन-तीन दिवसांत परत जायचं असं मी कामावर सांगून आले होते. प्रत्यक्षात तेराव्यापर्यंत राहिले. आईला वाटलं तिच्यासाठी राहिले.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? लिहून झालं, माझं म्हणणं मांडून झालं, त्यातलं एक अक्षर मी मागं घेत नाही. फक्त एक सांगायचं राहिलं. ते सगळे दिवस मी ओसरीवर दाराशीच बसायची, आणि येणारा प्रत्येक माणूस तोंड उघडायला लागला की मी पुढं सरकायची. वाटायचं, यांच्यातला कुणीतरी आता मला म्हणेल, "बाई, नाना तुमच्याबद्दल बोलायचे." कुणी म्हटलं नाही.